बरणीतली विहीर



शाळेत विज्ञान प्रदर्शन आले की घरोघरी पुठ्ठा, कापूस आणि डिंक निघतो. जलचक्राची प्रतिकृती हा तर हमखास विषय. निळा समुद्र, वर जाणारे बाण, कापसाचे ढग, डोंगर, नदी, की झाले काम. गेल्या मार्गशीर्षात एका वस्तीवर हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला गेलो होतो. पडवीत सहावीतली मुलगी हेच करत बसली होती. मला म्हणाली, "काका, यात आमची विहीर कुठे दाखवू?"

खरे सांगतो, नोकरीत इतकी वर्षे गेली, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

त्या घरात विहिरीचा विषय नाजूक होता. दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या. थोरल्याच्या, म्हणजे या मुलीच्या बापाच्या वाट्याला ४० फुटांची जुनी विहीर आली. धाकट्याने बांधापलीकडे ३०० फूट बोअर घेतले आणि दुसऱ्याच वर्षी विहीर माघात तळ दाखवू लागली. "मी खालचे पाणी घेतो, तुझ्या विहिरीचा काय संबंध?" असे धाकट्याचे म्हणणे. बोलणे बंद झाले. आता थोरल्याने कारभारणीच्या पाटल्या गहाण ठेवून ४०० फुटांचे बोअर मारायचे मनात धरले होते.

पुठ्ठा बाजूला ठेवला आणि कामाला लागलो. आधी ढगांचा भाग. मोठ्या परातीत मीठ घातलेले गरम पाणी ओतले, मधोमध जड रिकामी वाटी ठेवली. परातीवर नवे, स्वच्छ प्लास्टिक ताणून कडेने सुतळीने बांधले आणि वाटीच्या बरोबर वर एक गुळगुळीत खडा ठेवला, म्हणजे तिथे खोलगट होते. परात उन्हात ठेवली. दोनएक तासांत प्लास्टिकखाली थेंब जमले आणि वाटीत ठिबकू लागले. आजीने चाखून पाहिले. परातीतले पाणी खारट, वाटीतले गोड! समुद्राचे मीठ समुद्रातच राहते आणि पाऊस गोडा पडतो, तो असा. (शेतात जास्त पाणी दिले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, तेही याच कारणाने. त्यावर पुन्हा कधीतरी.)

मग विहिरीचा भाग. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. तळाला चार बोटे धुतलेली खडी, वर चार बोटे जाड वाळू किंवा मुरूम, त्यावर दोन बोटे माती. थर भरतानाच दोन नळ्या काचेला चिकटून उभ्या कराव्यात. पारदर्शक पेनाची रिकामी कांडी ही विहीर. तिला तापल्या सुईने भोके पाडावीत आणि ती निम्म्या खोलीपर्यंतच ठेवावी. औषधाच्या दुकानातून आणलेली सलाईनची नवी नळी हे बोअर. टोकाला पातळ फडके बांधून ती थेट तळापर्यंत न्यावी. वरच्या टोकाला बिनसुईची मोठी सिरिंज लावली की झाला पंप. पाण्यात चिमूटभर नीळ घालावी, म्हणजे पातळी दिसते.

मुलीने झारीने पाऊस पाडला. पाणी मुरत खाली गेले आणि कांडीत निळी रेघ चढली. मग तिने सिरिंज ओढली. एकदा, दोनदा, पाच वेळा. कांडीतली रेघ उतरत उतरत नाहीशी झाली. बोअरमधून मात्र पाणी येतच होते.

थोरला खाली बसून पाहत होता. "म्हणजे मी असाच म्हणत होतो ना!" तो उसळून म्हणाला. त्याची बायको हळूच बोलली, "आणि आपण अजून खोल नळी घातली तर भावजींचीही अशीच आटेल. मग ते आणखी खोल जातील."

मला इथे एक खुलासा करावा लागला, तो तुम्हीही ऐका. बरणीतली खडी सगळीकडून सारखे पाणी सोडते. आपला काळा पाषाण तसा नाही. महाराष्ट्राचा पाचांतला चार हिश्श्यांहून अधिक भाग याच खडकाचा आहे. त्यात पाणी वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत राहते. भेगा जुळलेल्या असतील तर बोअर विहिरीला ओढते, नसतील तर नाही. बरणी पाहून कोणी कोणावर दावा लावू नये. बोअर चार-पाच तास चालू असताना आपला पंप बंद ठेवून विहिरीची पातळी दोरीने मोजावी, बोअर थांबल्यावर पुन्हा मोजावी.

संध्याकाळी आजीने धाकट्याला हाक मारली. आईची हाक, आला बिचारा. त्याने स्वतः सिरिंज ओढून पाहिली. बराच वेळ काही बोलला नाही. मग पुतणीला विचारले, "आणि हे पुन्हा भरते कसे?" तिने झारी पुढे केली.

तेवढीच संधी साधून मी हिशेब मांडला. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर २० लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे २०० टँकर! त्यातले काही पिके पितात, बरेच उडून जाते, आणि उताराच्या जमिनीवरून उरलेले किती वाहून जाते ते ओढ्याच्या गढूळ पाण्यावरून ओळखावे. बांध फुटके, ओढ्यात दगडांचा एक आडवा थर नाही, मग बरणीवर झारी कितीही धरा. दोघांच्या शेतांचा उतार एकाच ओढ्याकडे होता, हे मी मुद्दाम दोनदा सांगितले.

भाऊ गळ्यात पडले वगैरे काही झाले नाही. पण पाटल्या अजून हातात आहेत. दर बुधवारी मुलगी विहिरीत दोरी सोडून खोली वहीत लिहिते, आणि बोअर किती तास चालले ते काकाकडून विचारून शेजारी मांडते. वैशाखात दोघांच्या सामाईक बांधाची दुरुस्ती ठरली आहे. दगड कोणी आणायचे यावर अजून वाद आहे.

प्रदर्शनात नंबर दिव्यांच्या माळा लावलेल्या धबधब्याला मिळाला. बरणी पडवीत आहे. पाणी मात्र आठवड्याला बदलावे, नाहीतर वास येतो.