जनुकांचा साठा झाला, वाचणार कोण?

मावळातला इंद्रायणी तांदूळ पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत रोज शिजतो. त्याची कुळकथा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून हा वाण तयार झाला आणि १९८७ मध्ये प्रसारित करण्यात आला. यातील आंबेमोहर हा आपल्या मातीतला. आयआर-८ हा फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेला वाण. त्याचा एक पूर्वज इंडोनेशियातील ‘पेटा’, तर दुसरा तायवानमधील बुटका ‘डी-जिओ-वू-जेन’. आपण ज्याला ‘गावरान चव’ म्हणून कौतुकाने वाढतो, त्या भाताच्या वंशवेलीत निदान तीन देश आहेत.

ही वंशवेल नोंदवहीतून कळते. पण जेथे नोंदवहीच नाही, अशा हजारो वर्षांच्या कथा जनुकसंचातून वाचाव्या लागतात. उत्क्रांतीच्या अंगाने जनुकसंचाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राचे हेच काम. सुवासिक तांदळाचेच उदाहरण घ्या. भाताच्या रोपात ‘बीएडीएच-२’ नावाचा जनुक असतो. तो धडधाकट असेल तर सुवासाचा रेणू साठत नाही. बिघडला की साठतो आणि भात घमघमतो. डीएनएमधील अवघी आठ अक्षरे गळाल्याने हा बिघाड होतो, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. पुढे २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की हा बिघाड भाताच्या ‘जापोनिका’ गटात उद्भवला आणि संकरातून ‘इंडिका’ गटात पोहोचला. ज्या बासमतीला आपण अस्सल हिंदुस्थानी मानतो, तिचे नातेही जापोनिकाशीच अधिक जवळचे निघाले.

असा निष्कर्ष एकट्या जीवशास्त्रज्ञाला काढता येत नाही. जनुकाच्या आजूबाजूचे वैविध्य घटले आहे, ते शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्यामुळे की निव्वळ योगायोगाने, हे ठरवायला संख्याशास्त्र लागते. कोट्यवधी अक्षरांची जुळवाजुळव संगणकशास्त्राची. वाण कोठून कोठे गेला, हे पुरातत्त्व व इतिहास सांगतात. आणि कोणत्या खाचरात कोणता वाण तग धरतो, हे शेतकऱ्याखेरीज कोणाला नेमके माहीत नसते. म्हणूनच तरुण संशोधकांसाठी या विषयाची आंतरविद्याशाखीय उन्हाळी शाळा ही आता चैनीची बाब राहिलेली नाही.

गेल्या काही वर्षांत या गरजेला धार आली आहे. ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली. त्याच वर्षी मे महिन्यात जनुकसंपादित भाताचे दोन वाण, ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’, केंद्र सरकारने जाहीर केले. माहिती मिळवण्याचा खर्च उतरला, तशी तिचा अर्थ लावणाऱ्यांची वाण अधिक भासू लागली. करोनाकाळात तर ती उघडीच पडली. विषाणूच्या जनुकक्रमांचा मागोवा घेण्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये देशातील दहा प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. त्यांपैकी राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या दोन पुण्यातल्या. पुढे ‘डेल्टा’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या विषाणूच्या कुळाची चाहूल महाराष्ट्रातल्या नमुन्यांतूनच लागली. त्या दिवसांत वार्तांकन करताना ‘फायलोजेनेटिक वृक्ष’ सोप्या शब्दांत समजावणारा माणूस शोधणे, हे प्रस्तुत प्रतिनिधीला बातमी मिळवण्याहून अवघड गेले होते.

वस्तुतः पुणे परिसराला ही परंपरा नवी नाही. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी कैलास मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये महाराष्ट्रातील आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा मानववंशशास्त्र आणि संख्याशास्त्र एकाच पंक्तीला बसले होते. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ मध्येच सुरू झाले. योगायोग असा, की ते इंद्रायणीचेही वर्ष. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, ‘आयसर’, ‘सी-डॅक’ हे सारे तासा-दीड तासाच्या अंतरात. उणीव इमारतींची नाही. या इमारतींमधले लोक आठ-पंधरा दिवस एका छताखाली बसण्याची आहे.

असे प्रयोग इतरत्र रुळले आहेत. अमेरिकेत वुड्स होल येथे रेण्वीय उत्क्रांतीची उन्हाळी कार्यशाळा १९८८ पासून भरते. बंगळुरूच्या ‘आयसीटीएस’ संस्थेतही लोकसंख्या-आनुवंशिकी व उत्क्रांती या विषयाच्या शाळा भरल्या आहेत. तथापि तेथवर पोहोचतो तो बहुधा नामांकित संस्थांमधला विद्यार्थी. नगर किंवा नांदेडच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या मुलीला आज्ञावली लिहिता येत नाही आणि संगणक अभियंत्याला जनुक व गुणसूत्र यांतला फरक नीटसा ठाऊक नसतो. दोघेही हुशार, पण त्यांची गाठ पडतच नाही. त्यात भर म्हणजे, २०२३ मध्ये ‘एनसीईआरटी’ने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. राज्य मंडळाच्या दहावीच्या २०१८ सालच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागाची सुरुवात मात्र आनुवंशिकता आणि उत्क्रांतीनेच होते, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

पंधरवड्यात कोणी तज्ज्ञ होत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. दुसराही आक्षेप खरा: बहुतेक कार्यशाळांत आयती संगणक-प्रणाली चालवायला शिकवतात, प्रश्न कसा विचारावा हे नव्हे. त्यामुळे अशी शाळा कोठे भरवावी, हा मुद्दा गौण नाही. तळेगावच्या पुढे, इंद्रायणीकाठच्या आंबी गावाच्या परिसरात औद्योगिक वसाहत आहे, शैक्षणिक संकुल आहे आणि वडगावचे भात संशोधन केंद्रही दूर नाही. सकाळी संख्याशास्त्राचा तास आणि दुपारी शेतकऱ्याच्या कणगीतल्या बियाण्याची पाहणी, असा दिवस येथे सहज जमू शकतो. रोहिणी नक्षत्राच्या सुमारास भाताची रोपे टाकली जातात, त्याच सुमारास महाविद्यालयांना सुट्टी असते.

त्या पाहणीत शेतकरी एक प्रश्न हमखास विचारेल: माझ्या बियाण्याचा जनुकक्रम तुम्ही संगणकात नेलात, उद्या त्यावरून कोणी नवा वाण काढला, तर माझे काय? २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात लाभाच्या वाटणीची तरतूद आहे. पण तो कायदा बियाण्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. संगणकातल्या अक्षरांना नव्हे. तेव्हा अभ्यासक्रमात एक तास कायद्याच्या जाणकारासाठी राखून ठेवावा लागेल, आणि तो शेवटच्या दिवशी, निरोपाच्या घाईत नसावा.