मोझेलचा काठ आणि दारूबंदीचा जिल्हा

जर्मनीतली आपली मराठी कुटुंबं मोझेलकाठी सायकल फिरवून आली की कौतुक होतं ते रीसलिंगचं. आमच्या मते त्या सहलीचं श्रेय वाइनला कमी आणि तिथल्या सोयीला जास्त द्यायला हवं. पर्ल ते कोब्लेन्झ ही वाट सुमारे २५० किलोमीटरची. ब्रेमजवळचे द्राक्षमळे कड्यावर उभे चढलेले, पण सायकलवाट पाण्याच्या कडेनं सपाट जाते, म्हणून नातवंडांबरोबर आजी-आजोबाही निघू शकतात. थोड्या थोड्या अंतरावर गाव, गावात बागायतदाराच्याच घरी खोली, पाय दुखले तर सायकलसकट चढायला रेल्वे. शिवाय बागायतदाराला वर्षातले चार महिने हॉटेलच्या परवान्याशिवाय स्वतःची वाइन आणि साधं जेवण आपल्याच अंगणात विकता येतं. पाहुण्याचा पैसा मधे कुठे न अडता त्याच्या घरात पोहोचतो.

हीच फूटपट्टी वर्धा जिल्ह्याला लावून पाहा. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम, जवळच गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले ते सेवाग्राम, पुढे कापूस-तुरीच्या शिवारातून अल्लीपूर आणि शेवटी वणाकाठचं हिंगणघाट. मुलूख बहुतेक सपाट, दोन्ही टोकांना रेल्वे, आणि दोन-तीन दिवसांत आरामात होईल एवढंच अंतर. पण जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, मग येणार कोण, असं कोणी विचारेल. वेझर नदीच्या काठाला वाइनसाठी कोणी ओळखत नाही, तरी तिथली सायकलवाट जर्मनीतल्या सर्वांत लोकप्रिय वाटांपैकी एक आहे. उलट नाशिकला वाइन आहे, धरणाचं पाणी आहे; पण पाहुणा मोटारीनं येतो, वायनरीत बसतो आणि परततो. मधल्या गावांना त्याचा फारसा उपयोग नाही. वर्ध्याकडे गोरसपाक आहे, थंडीत हुरडा आहे. सायकलवाल्याला वाइनपेक्षा तो मानवेलही!

उन्हाचा आक्षेप खरा आहे. मे महिन्यात तिकडे सायकलचं नावही काढू नये. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. ट्रकांचा आक्षेप त्याहून गंभीर. हिंगणघाटवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, तिथे मुलांना नेणं धोक्याचं. म्हणूनच महामार्गापासून बाजूला असलेलं अल्लीपूर या वाटेत महत्त्वाचं ठरतं. मात्र नुसत्या रस्त्यानं भागत नाही, मुक्कामाला घर लागतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. त्याचा फायदा घ्यायला शेतकऱ्याला पहिला पाहुणा तरी दिसला पाहिजे. तो पाहुणा आपण होऊ शकतो. हिंगणघाट, वर्धा, सेलू तालुक्यांत ज्यांची घरं-शेतं आहेत, त्यांनी डिसेंबरात गावी गेल्यावर एखादी स्वच्छ खोली आणि दोन वेळचं जेवण देता येईल का, ते घरच्यांना विचारावं आणि पुढच्या अंकाआधी मंडळाला कळवावं.