शेवट बाजूला ठेवून

सिनेमाचा विषय निघाला की आपल्या बायकांच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेवटी तिचं काय होतं? ती घर सोडते, नवऱ्याकडे परत जाते, की मरते? उत्तर मिळालं की सिनेमाचा निकाल लागतो. घर सोडलं तर पुरोगामी, परत गेली तर प्रतिगामी, मेली तर रडका. मला ही पद्धत पटत नाही. तिने सिनेमाला न्याय मिळत नाही, ही गोष्ट लहान आहे. तो सिनेमा पाहणाऱ्या बाईला न्याय मिळत नाही, ही मोठी.

मी काही समीक्षक नाही. कॅमेरा कुठे ठेवला नि प्रकाश कसा टाकला, यातलं मला कळत नाही. पण सिनेमे पाहते भरपूर, आणि पाहिलेलेच पुन्हा पाहते. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा तेव्हापासूनची ही सवय आहे. मग व्हिडिओ कॅसेट आली, केबल आली, आता मोबाइल. भाजी निवडता निवडता पाहण्यासाठी जुन्या सिनेमासारखी गोष्ट नाही. शेवट ठाऊक असतो, त्यामुळे जीव टांगणीला लागत नाही आणि नजर मोकळी होते. निर्णयाच्या वेळी खोलीत कोण कोण बसलंय, कुणाला विचारलं जातंय, चहाचा ट्रे घेऊन कोण आत येतंय, आणि तिला त्या चर्चेत बसायला सांगतात की परत आत पाठवतात, हे सगळं दिसायला लागतं.

‘कुंकू’ घ्या. व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा, प्रभातचा सिनेमा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. तरुण नीरेचं लग्न मामा फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावून देतो. नीरा हे लग्न मानायला नकार देते. आपल्याकडे या सिनेमाचं नाव आदराने घेतात आणि ते योग्यच आहे. पण शेवट पाहा. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते नीरेला मुलगी मानतात आणि तिला मोकळं करण्यासाठी स्वतःचा जीव देतात. म्हणजे नीरेची सुटका तिच्या हातून होत नाही, ती तिला बहाल केली जाते. आणि ती देणारा पुरुष जाताना मोठा होऊन जातो. त्या काळी दुसरी वाट तरी काय होती, असंही म्हणता येईल. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला. नीरेसारख्या पांढरपेशा घरातल्या बाईला त्याआधी कोर्टाचं दार बंदच होतं.

म्हणून मी ‘कुंकू’ शेवटासाठी पाहतच नाही. मी पाहते तो मधला दीड-पावणेदोन तासांचा नकार. त्याच घरात राहायचं, तिथेच जेवायचं, माणसांच्या रोज समोर यायचं आणि रोज नाही म्हणायचं. एकदा उठून निघून जाण्यापेक्षा हे कठीण आहे, आणि आपल्यातल्या बहुसंख्य बायकांच्या वाट्याला आलेली लढाई याच जातीची आहे. त्या घरात काकासाहेबांची थोरली, शिकलेली मुलगी येते आणि बापाची बाजू न घेता नीरेच्या बाजूने उभी राहते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती, ज्यांनी पुढे संततिनियमनाच्या कामात आयुष्य घालवलं. नीरा झालेल्या शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादावरून प्रभातच्याच फाटकाशी उपोषण केलं. हे ठाऊक असलं की पडद्यावरचा नकार नुसता अभिनय वाटत नाही.

आता अगदी दुसऱ्या टोकाचा सिनेमा : ‘माहेरची साडी’. १९९१ साल, दिग्दर्शक विजय कोंडके, लक्ष्मीच्या भूमिकेत अलका कुबल. ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमावरून तो बेतला होता. गावोगावच्या बायका घोळक्याने गेल्या, रडल्या आणि पुन्हा गेल्या. चळवळीतल्या आपण मात्र नाकं मुरडली. सोसणाऱ्या बाईचा देव्हारा, सहनशीलतेचा क्लास, असं म्हटलं गेलं. त्या टीकेतलं बरंचसं मला मान्य आहे. लक्ष्मी सोसते, सोसते आणि शेवटी मरते. तिच्या मरणाने इतरांचे डोळे उघडतात. हा हिशेब मला संतापजनक वाटतो. माणसांना शहाणं करण्यासाठी बाईने मरायचं, ही कुठली शाळा?

पण मग त्या बायका दुसऱ्यांदा का गेल्या? शेवट त्यांनाही ठाऊक झालाच होता. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते उत्तर पुरत नाही. मला वाटतं, जे घरात ‘संसारात असं चालायचंच’ या नावाखाली खपतं, त्याला त्या अंधाऱ्या थिएटरात छळ असं स्वच्छ नाव मिळत होतं. सासूने टाकून बोलणं, माहेराचा उद्धार, अपशकुनी म्हणून लावलेला शिक्का. शेजारची अनोळखी बाईही त्याच ठिकाणी पदर डोळ्यांना लावत होती. म्हणजे हे फक्त माझ्याच घरी घडत नाही, हे तिथे उघड होत होतं. दंडविधानात कलम ४९८ अ १९८३ साली आलं होतं. पण चौकीची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी, आपल्यावर होतो तो अन्याय आहे, असं बाईला मोठ्याने ऐकू यावं लागतं. तेवढं काम या सिनेमाने केलं, आणि मग लक्ष्मीला मारून टाकलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली न बघता आपण दुसरीवर भाषण करतो, तेव्हा समोरची बाई गप्प बसते आणि पुढच्या बैठकीला येत नाही.

हिंदीतले दोन सिनेमे मी किती वेळा पाहिले याची मोजदाद नाही. एक, सूरज बडजात्यांचा १९९४ चा ‘हम आपके हैं कौन’. गाणी, मेजवान्या, देवघर, सगळे कसे गोड. पण थोरली बहीण पूजा जिन्यावरून पडून मरते आणि तिच्या बाळाचं काय, असा प्रश्न उभा राहतो, तिथून पुढे पाहा. दोन घरांतली शहाणीसुरती, प्रेमळ माणसं निशाचं लग्न तिच्या मेहुण्याशी ठरवतात. आपलं प्रेमशी ठरतंय असं समजून निशा होकार देते. खरं काय ते कळल्यावरही ती आणि प्रेम दोघंही गप्प बसतात, कारण इतक्या चांगल्या माणसांना दुखवायचं कसं? शेवटी निशाची चिठ्ठी थोरल्या भावाच्या हातात नेऊन देतो तो टफी कुत्रा. सिनेमात हा देवाचा प्रसाद म्हणून येतो. मी दर वेळी त्या जागी हसते आणि दर वेळी तिथेच मला घुसमटतं. घरभर एवढी माया आहे, आणि मुलीला तिच्या मनातलं विचारायचं सुचत नाही एकालाही! वाईट सासू ओळखता येते. अशा गोड घरापुढे बाईने तोंड कसं उघडायचं, हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि तो या सिनेमाने नकळत का होईना, उघडा पाडला आहे.

दुसरा, आदित्य चोप्रांचा १९९५ चा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’, जो मुंबईच्या मराठा मंदिरात हजारावर आठवडे चालला. त्याचा शेवट सगळ्यांना पाठ आहे : फलाटावर बाप मुलीचा हात सोडतो. टाळ्या पडतात त्या बापासाठी. मी मात्र त्याच्या बऱ्याच आधीच्या एका प्रसंगासाठी तो सिनेमा लावते. सिमरनची आई लाजवंती, म्हणजे फरिदा जलाल, मुलीला सांगते की बाई म्हणून आपण आयुष्यभर काय काय सोडत आलो. पुढे ती आपले दागिने आणून दोघांपुढे ठेवते आणि पळून जा म्हणते. आयुष्यभर नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली बाई जवळची एकमेव पुंजी देऊन मुलीला वाट करून देतेय. याहून मोठं बंड त्या सिनेमात दुसरं नाही. नायक ते नाकारतो. त्याला मुलगी बापाच्या हातून हवी आहे. आईची परवानगी ही परवानगी धरलीच जात नाही. आणि यालाच आपण सगळ्यांनी संस्कारी नायक म्हणून डोक्यावर घेतलं. शेवटाकडे डोळे लावून पाहिलं की लाजवंती विसरली जाते. शेवट बाजूला ठेवला तर ती सिनेमाच्या मधोमध येऊन बसते.

मग ज्यांचे शेवट आपल्याला मनापासून आवडतात, त्या सिनेमांचं काय? १९८२ साली दोन आले, महेश भट्टांचा ‘अर्थ’ आणि जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’. ‘अर्थ’मधली पूजा परत आलेल्या नवऱ्याला नाकारते, आणि प्रेमाने हात पुढे करणाऱ्या मित्रालाही. त्यावर आपण पुष्कळ बोललो. पण तिच्या घरी काम करणाऱ्या बाईवर किती बोललो? रोहिणी हट्टंगडी यांनी केलेली ही बाई दारुड्या नवऱ्याचा मार खात मुलीच्या शाळेसाठी पैसे साठवते. ते पैसे नवरा उडवतो, तेव्हा तिच्या हातून त्याचा खून होतो. पूजाला घर सोडल्यावर स्वातंत्र्य मिळतं, मोलकरणीला तुरुंग. पूजा तिच्या मुलीला सांभाळते, ही त्या सिनेमातली फार मोलाची गोष्ट आहे. तरी दोघींच्या वाटा इतक्या वेगळ्या का, हे विचारल्याशिवाय ‘अर्थ’ पाहून झाला असं मी म्हणणार नाही.

‘उंबरठा’तली सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील, नवरा, मुलगी, सुखवस्तू घर मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. परत येते तेव्हा नवऱ्याचं दुसरीकडे जमलेलं असतं, आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरची ही कथा माझ्या पिढीच्या कितीजणींना बळ देऊन गेली. पण आज पुन्हा पाहताना माझी नजर सुलभाकडून सुधारगृहातल्या बायकांकडे जाते. त्या तिथून कुठे जाणार? त्यांना ओलांडायला उंबरठाच नाही. शिवाय तिथल्या दोघींच्या एकमेकींवरच्या प्रेमाकडे सिनेमा आजार म्हणून पाहतो. इतका समंजस सिनेमा, पण त्या दोघींना काय वाटतं ते विचारायला तोही थांबत नाही. शेवट कितीही आपल्या मनासारखा असला तरी हे सुटत नाही, सुटू देऊ नये.

एक मैत्रीण म्हणते, हे सगळं ठीक, पण शेवटाला तू फारच स्वस्तात सोडतेस. लोक शेवटच बरोबर घेऊन घरी जातात. केतन मेहतांच्या १९८७ च्या ‘मिर्च मसाला’त शेवटी कारखान्यातल्या बायका सुभेदाराच्या डोळ्यांत लाल मिरचीची पूड फेकतात, ते कोण विसरेल? तिचं म्हणणं मला पटतं. पण त्या मिरचीला जोर कुठून येतो? आधी त्याच बायका सोनबाईला बोल लावतात. तू गेलीस तर आम्ही सुटू, असं सांगतात. मुखियाची बायको मुलीला शाळेत घालते, आणि पुढे बायकांना घेऊन थाळ्या बडवत रस्त्यावर येते. मुंबईत १९७२ सालच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर ज्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन निघाल्या, त्यांना या आवाजाची ओळख सांगायला नको. भांडण, भीती, फूट आणि मग एकजूट, हे सगळं मध्ये घडलेलं आहे म्हणून तो शेवट खरा वाटतो.

हल्ली नेमकं उलट होताना दिसतं. शेवटी नायिका एक सणसणीत भाषण ठोकते, पार्श्वसंगीत वाजतं, आणि दोन तास तिला शोभेची बाहुली करून ठेवल्याचं पाप धुतलं जातं. शेवटावरून निकाल लावायची आपली सवय या मंडळींच्या पथ्यावर पडते. त्यापेक्षा २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’ मला जवळचा वाटला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. त्यात गोडवा जास्त आहे, आणि मंगळागौरीच्या व्रताला तो एकही प्रश्न विचारत नाही. पण पन्नाशीच्या आसपासच्या बायकांची दुखरी गुडघी, रुसवे आणि दमणूक त्यात भरपूर आहे. बायका नटूनथटून, गटागटाने थिएटरात गेल्या. एकतीस-बत्तीस वर्षांपूर्वी ‘माहेरची साडी’ला पदर ओले करून आलेल्यांपैकी कितीतरी त्यांत असतील. या वेळी त्या हसत बाहेर पडल्या. या दोन रांगांमधलं अंतर समजून घ्यायचं तर त्यांनाच विचारायला हवं.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. महिला मंडळात, बचत गटात, वस्तीत सिनेमा दाखवायचा असेल तर ठाऊक असलेला, सगळ्यांनी पाहिलेलाच दाखवा. ‘माहेरची साडी’ही चालेल, ‘हम आपके हैं कौन’ही चालेल. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की बंद करा आणि दिवे लावा. निकाल आधी सांगू नका, आपलं भाषण तर नकोच. एवढंच विचारा की आत्तापर्यंत तिला कुणी काय विचारलं, तिच्या बाजूने कोण बोललं, आणि तुम्ही त्या घरात असता तर कुठे उभ्या असता. बोलायला वेळ लागेल. पहिली पाच मिनिटं कुणी काही बोलणार नाही, मग कोपऱ्यातली एखादी सुरुवात करेल. तिचं पूर्ण होईपर्यंत टीव्ही पुन्हा लावू नका.