डोंगरावरचा गारवा आणि परतीचे ऊन

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टुसॉन हे सोनोरा वाळवंटात वसलेले शहर. जूनमध्ये तेथे दुपारचा पारा नेहमीच ३८ अंश सेल्सियसच्या आसपास असतो, अनेकदा चाळिशी ओलांडतो. विदर्भातील वाचकांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही. टुसॉनकरांच्या हाताशी मात्र एक सोय आहे. मोटार काढायची आणि कॅटालिना हायवेने माउंट लेमन गाठायचा. सुमारे ४३ किलोमीटरचा हा घाटरस्ता तासाभरात उंच निवडुंगांच्या रानातून थेट पाइनच्या जंगलात नेतो. शिखराची उंची २,७९१ मीटर, म्हणजे शहरापेक्षा सुमारे दोन हजार मीटर अधिक. उंचीवर हवेचा दाब घटतो, हवा प्रसरण पावते आणि थंड होते. त्यामुळे खाली चाळीस अंश असताना वर स्वेटर आठवतो.

मुलामुलींकडे अमेरिकेत गेलेले आपल्याकडचे आईवडीलही अशा सहलींना हौसेने जातात. जरूर जावे. काही तास गारव्यात घालवल्याने उन्हाने शिणलेल्या शरीराला खरोखरच विश्रांती मिळते. पण त्या गारव्याने शरीर उन्हाला सरावते, असे नाही. सराव व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. भारतातून नुकतेच पोहोचलेले ज्येष्ठ वरून उतरून भर दुपारी पुन्हा चाळीस अंशांत येतात, तेव्हा धोका होता तेवढाच असतो. वर बरे वाटल्यामुळे सावधपणा तेवढा सुटलेला असतो.

पहिली फसगत पाण्याची. मुंबईत घामाने कपडे ओले होतात, म्हणून पाणी पिण्याची आठवण राहते. वाळवंटात घाम सुटताक्षणी वाळतो आणि वर थंडीमुळे तहान लागत नाही. त्यातच वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या काळजीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, पाणी टाळतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर चक्कर येऊन पडण्याची शक्यता वाढते. अशी गोळी स्वतःहून बंद करू नये. प्रवासाला निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी किती प्यावे, हेही विचारून घ्यावे.

दुसरी बाब उंचीची. अडीच हजार मीटरवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपटच असतो. निरोगी माणसाला थोडी धाप लागेल, डोके दुखेल. हृदयविकार, जुना दमा किंवा रक्तक्षय असलेल्यांना मात्र त्रास होऊ शकतो. छातीत दुखले किंवा बसल्याजागी धाप लागली, तर छायाचित्रे राहू द्यावीत आणि लगेच खाली उतरावे. वर अतिनील किरणेही अधिक तीव्र असतात. हवा गार असली तरी टोपी हवीच.

तिसरी आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे उन्हात उभी केलेली बंद मोटार. पहिल्या दहा मिनिटांतच तिच्या आतले तापमान सुमारे दहा अंशांनी चढते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगाने तापते. ‘झोपलंय, झोपू दे, पाच मिनिटांत येतो’ हे वाक्य जिवावर बेतू शकते. मूल असो वा आजोबा, कोणालाही गाडीत एकटे ठेवू नये.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी पाजू नये. अमेरिकेत ९११, आपल्याकडे १०८ वर फोन करावा. मदत येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये.

आणि गारवा शोधायला ज्यांच्याकडे मोटारच नाही, त्यांचे काय? टुसॉनच्या उत्तरेस फिनिक्स शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तेथे २०२३ मध्ये उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघरांचे प्रमाण मोठे होते. सावली, पिण्याचे पाणी आणि दुपारी बसता येईल अशी थंड जागा पायी जाण्याच्या अंतरावर असणे, ही आरोग्यसेवाच आहे. नागपूर-चंद्रपूरच्या महापालिकांनाही ती टाळता येणार नाही.