पंधरा वर्षांचा नेम

बंदूक म्हटली की खेड्यात दोनच बंदुका आठवतात. एक जत्रेतली फुगे फोडायची, आणि दुसरी उसात घुसणारी रानडुकरे पळवायची. पहिली गमतीची, दुसरी धाकाची. पण तिसरीही एक बंदूक आहे. तिने कुणाला मारायचे नसते की भेवडायचे नसते. तिच्यापुढे असते नुसते एक काळे वर्तुळ, आणि ती धरणाऱ्याची खरी झुंज असते ती स्वतःच्याच श्वासाशी नि छातीतल्या ठोक्यांशी. ऑलिंपिकमधली नेमबाजी ती हीच. 1896 साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हाही हा खेळ तिथे होता.

हा खेळ साहेबलोकांचा, श्रीमंतांचा, असा आपला समज. तो अगदीच खोटा नाही. चांगली रायफल परदेशातून येते, तिला पैसा लागतो. गोळ्यांना तर रोजच पैसा लागतो. तरीही 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचे कांस्यपदक गळ्यात घालून जो जवान उभा राहिला, तो होता कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. नाव स्वप्नील कुसाळे. वडील शिक्षक, आई त्या वेळी गावची सरपंच. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचा हा तालुका. भाताची नि उसाची शेती, डोंगराची कड, पावसाळ्यात दिवसच्या दिवस न उघडणारे आभाळ. तिथला पोरगा तिथवर पोचला कसा, हे मंडळी समजून घेण्याजोगे आहे.

आधी खेळ कसा असतो ते पाहू. स्वप्नीलचा प्रकार ‘50 मीटर रायफल, तीन अवस्था’. 50 मीटर म्हणजे साधारण 164 फूट. एवढ्या अंतरावर लक्ष्य, आणि त्याच्या मध्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ केवढे? तर 10.4 मिलिमीटरचे, सदऱ्याच्या गुंडीएवढे! नुसत्या डोळ्यांना ते धड दिसतही नाही. नळीचे टोक केसभर हलले, तरी तिकडे गोळी जवळपास अर्धा सेंटिमीटर सरकते. शिवाय 50 मीटरची मैदाने बहुधा उघडी असतात, आणि वारा गोळीला ढकलतो. म्हणून मैदानात लहान लहान झेंड्या लावलेल्या असतात. खळ्यावर उफणणी करताना आपण वाऱ्याचा रोख पाहतो, तसे नेमबाज त्या झेंड्यांकडे पाहून ठरवतो, आता सोडायची की थांबायचे.

तीन अवस्था म्हणजे गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून. प्राथमिक फेरीत प्रत्येक अवस्थेत 20, अशा 60 गोळ्या झाडायच्या. पालथे पडल्यावर जमिनीचा आधार असतो. उभे राहिल्यावर मात्र काही किलो वजनाची रायफल, दोन पाय आणि आपला श्वास, एवढेच भांडवल. श्वास घ्यायचा, थोडा सोडायचा, मध्येच थांबवायचा, आणि त्या थांबलेल्या दोनचार क्षणांत बोट अलगद मागे घ्यायचे. घाईने खेचले तर नेम गेला. फार वेळ रोखून धरले तर डोळा थकतो, हात थरथरतो. मग रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. योग्य क्षण आला नाही तर न झाडणे, हीसुद्धा या खेळातली मोठी विद्या आहे.

स्वप्नीलचा जन्म 1995 चा. 2009 साली वडिलांनी त्याला महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे वर्षभर अंगमेहनत करून घेतल्यावर एक खेळ निवडायचा होता. त्याने नेमबाजी निवडली. पुढचे शिक्षण नाशिकला, घरापासून लांब. चौदा वर्षांचे पोर दूर पाठवताना आईबापांच्या जिवाचे काय होते, ते ज्यांनी पोरे वसतिगृहात ठेवली त्यांना सांगायला नको. आणि पाठवायचे ते कशासाठी? ज्या खेळाला गावात मैदान नाही, जत्रेत इनाम नाही, आणि ज्यात पुढे काय मिळेल ते कुणी सांगू शकत नाही, अशा खेळासाठी.

2015 पासून त्याला मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी होती. सराव चालूच होता. या खेळात एक ‘कोरडा सराव’ असतो. रायफलीत गोळी नाही, समोर एक खूण, आणि तास तास नुसते उभे राहून नेम धरायचा, चाप ओढायचा, पुन्हा धरायचा. आवाज नाही, गुण नाहीत, टाळी नाही. बघणाऱ्याला वाटेल, हा काय वेडेपणा! पण स्थिरता यातूनच अंगात मुरते.

2022 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि त्याने भारतासाठी पॅरिसची एक जागा मिळवली. मात्र पदक एका पायरीने हुकले. पुढच्या वर्षी चीनमध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धा झाल्या. सांघिक सुवर्ण मिळाले. वैयक्तिक अंतिम फेरीतही तो पुढे होता. आणि उभे राहून झाडताना एक गोळी गेली 7.6 वर. एकच गोळी! पुन्हा चौथा क्रमांक. काढणीला आलेल्या पिकावर गारपीट व्हावी, तसे झाले. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो, नशिबाला बोल लावतो नाहीतर पुन्हा नांगर धरतो.

पॅरिसच्या नेमबाजीच्या स्पर्धा झाल्या त्या पॅरिसपासून बऱ्याच दूर, दक्षिणेला शातोरू या गावी. प्राथमिक फेरीत त्याने 600 पैकी 590 गुण मिळवले आणि सातवा येऊन पहिल्या आठांत शिरला. 1 ऑगस्ट 2024 ला अंतिम फेरी. गुडघा टेकून झाडल्यावर तो सहावा होता. पालथ्या अवस्थेनंतर पाचवा. आणि आली ती उभी अवस्था, जिने हांगझोऊला घात केला होता. इथे मात्र तो एकेक पायरी चढून तिसरा आला. मग एकेका गोळीला एकेक जण बाद होऊ लागला. त्याची एक गोळी 9.4 वर गेली. पोटात गोळा यावा असा क्षण! पण पुढची 9.9, त्यापुढची 10.0. गेलेली गोळी त्याने गेलेल्या गोळीबरोबर जाऊ दिली. एकूण गुण 451.4. चीनच्या लिऊ युकुनला सुवर्ण, युक्रेनच्या सेर्ही कुलिशला रौप्य आणि आपल्या स्वप्नीलला कांस्य. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक.

मराठी मुलखातल्या माणसाने वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले होते ते 1952 साली हेलसिंकीला, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, कुस्तीत. मध्ये 72 वर्षे गेली.

ही वाट त्याने एकट्याने पाडलेली नाही. त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे या स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरल्या होत्या. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले. तालमींच्या या मुलखात नेमबाजीची वाट आधी रुळवली ती लेकींनी, हे विसरू नये.

यातून घरात बोलण्यासारखे काय? आपण खेळाडू म्हणतो तो दांडग्या पोराला, धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या पोराला. कोपऱ्यात बसून घड्याळ उघडणारा, तासभर एकाच कामात गढलेला मुलगा, किंवा न बोलता बारीक कशिदा काढणारी मुलगी, यांना आपण ‘घुमी’ म्हणून मोकळे होतो. पण शांत स्वभाव हेही अंगबळच आहे. ते ओळखणारे डोळे घरात हवेत.

आणि दुसरे वेळेचे. जोंधळ्याला आपण चार महिने देतो, आडसाली उसाला दीड वर्ष, आंब्याच्या कलमाला पाचसहा वर्षे. तिथे आपण घाई करत नाही. लेकराने दोन वर्षांत बक्षीस आणले नाही की मात्र म्हणतो, पुरे आता! कांबळवाडीच्या त्या घराने पंधरा वर्षे दिली. प्रत्येकाला ऑलिंपिक मिळणार नाही, हे उघड आहे. पण मन एका ठिकाणी ठेवायची सवय ज्याला लागली, तो अभ्यासाला बसो की शेतात उभा राहो, वाया जात नाही.

तेव्हा शाळेच्या फळ्यावर क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची सूचना लागली, तर ती पोरांना घरी येऊन सांगायला लावा. जिल्ह्याच्या गावी बाजाराला जाल, तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत एक चक्कर टाका आणि काय सोयी आहेत ते विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.