फुगा भरकटत नसतो हो!

गेल्या शनिवारी पहाटे चारला देहूरोडहून निघालो. चार मित्र, एक गाडी, थर्मासमध्ये चहा. ठिकाण कामशेतच्या पुढचा एक माळ, कार्यक्रम हॉट एअर बलूनची सफर, माणशी खर्च विचारू नका. उजाडायच्या बेतात पायलटने एक छोटा हेलियमचा फुगा हवेत सोडला, दिसेनासा होईपर्यंत मान वर करून बघितला आणि म्हणाला, "आज नाही उडायचं."

झालं! खाली गवताचं पातं हलत नव्हतं आणि हा म्हणे वारा आहे. भांडण जुंपलं. सांगायला लाज वाटते, पण सगळ्यात मोठा आवाज माझाच. परत येताना गाडीत बसूनच त्यांना एक स्टार देऊन मोकळाही झालो.

रविवारी जरा वाचत बसलो आणि आता माझं भांडण माझ्याशीच आहे. आणि थोडं तुमच्याशी.

"वारा अचानक बदलला" हे वाक्य आपण किती सहज गिळतो! अहो, बलूनला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. वर जाणं आणि खाली येणं एवढंच पायलटच्या हातात. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, म्हणून तर दिशा निवडता येते. अमेरिकेत आल्बुकर्कीला थंडीच्या सकाळी खालचा वारा दक्षिणेला नेतो आणि वरचा उत्तरेला परत आणतो. निघालेल्या जागेजवळच उतरणारे पायलट आहेत तिथे. म्हणजे बदलणारा वारा हेच स्टिअरिंग! वारा पाहून पाठ फिरवणारा माणूस आपल्याकडे बदनाम, इथे तोच शहाणा.

आता आमच्या न हलणाऱ्या पात्याचं. रात्री खोऱ्यात थंड हवा साचते, म्हणून खाली शांत असतं आणि वर वारा जोरात. ऊन चढलं की हवा घुसळते आणि तोच वरचा वारा जमिनीपर्यंत येतो. निघताना दिसलेली शांतता तासाभराने उतरताना नसते. मध्यम आकाराच्या फुग्यात जवळजवळ तीन टन हवा असते. ती वाऱ्याच्या वेगाने जमिनीला टेकली की टोपलीसकट फरफटत जाते, आणि मावळात मध्ये हाय टेन्शनच्या तारा, एक्सप्रेसवे, शिवाय आमच्या देहूरोडला लष्कराचा दारूगोळा डेपो! उतरा कुठेही!

30 जुलै 2016 ला टेक्सासमध्ये लॉकहार्टजवळ फुगा विजेच्या तारांवर गेला, 16 माणसं गेली. ढगांचा इशारा पायलटला आधी मिळाला होता, तरी तो उडाला. धुक्यात, ढगांच्या वर. यात वाऱ्याने काय केलं? लक्सरला 2013 मध्ये 19 जण गेले ते फुग्यावर लागलेल्या आगीत. तिथेही वारा निर्दोष.

उलट जिथे काहीच बिघडत नाही तिथे आपण बोंब मारतो. जानेवारी 2025 मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या महोत्सवातला फुगा केरळात पालघाटच्या भातशेतात उतरला. आमच्या ग्रुपवर लगेच, "भरकटला!" अरे, पालघाटच्या खिंडीतून त्या दिवसांत वारा पूर्वेकडून पश्चिमेलाच वाहतो. फुगा पश्चिमेला नाही तर कुठे जाणार, चेन्नईला? मोकळं शेत बघून उतरणं ही या वाहनाची रीतच आहे. 26 नोव्हेंबर 2005 ला विजयपत सिंघानिया मुंबईतून उडाले, 21,027 मीटर उंचीचा जागतिक विक्रम केला आणि उतरले नाशिक जिल्ह्यात, सिन्नरकडच्या पांचाळे गावी. त्यांना म्हणालं का कुणी भरकटले?

धोका वाऱ्यात नाही, आपल्या शनिवारात आहे. आपल्याला रजा नाही, पैसे भरलेत, फोटो टाकायचेत... म्हणून आज उडायलाच हवं. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज रेटणाऱ्या मॅनेजरला आपण कॅन्टीनमध्ये शिव्या घालतो ना? त्या माळावर तो मॅनेजर मी होतो. आणि चौदा गिऱ्हाईकं ओरडत असताना "नाही" म्हणणाऱ्या पायलटला मी एक स्टार दिला. असे चार स्टार पडले की पाचव्या सकाळी तो काय ठरवेल?

माझं म्हणणं एवढंच: उड्डाण रद्द झालं तरी पायलटचा त्या दिवसाचा पगार तेवढाच असावा, आणि तसं आहे का हे आपण बुकिंग करताना विचारावं. डिस्काउंट विचारतो, तसंच.

तो स्टार मी काल काढला. पुढच्या शनिवारची तारीख पुन्हा घेतली आहे, गजर साडेतीनचा. नाही उडालो तर कामशेतला मिसळ खाऊन परत.