दम्याच्या रुग्णाचे नाक

दमा हा छातीचा विकार आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झालेली आहे की, ज्या रुग्णाला पहाटे धाप लागून अंथरुणात उठून बसावे लागते त्याचे नाक कित्येक वर्षे चोंदलेले असते, सकाळी त्याला शिंकांवर शिंका येतात आणि रात्रभर त्याच्या घशात कफ उतरत असतो, ही हकीकत तो स्वतः डॉक्टरांपुढे मांडीत नाही, घरची माणसे ती तक्रार म्हणून जमेस धरीत नाहीत, आणि ज्याच्या हाती केसपेपर येतो तो डॉक्टरही पुष्कळदा तिची चौकशी करीत नाही. सर्दी काय, सर्वांनाच होते, असे म्हणून तो विषय तेथेच संपतो. नाकाची नित्य निगा हा दम्याच्या उपचाराचाच अविभाज्य भाग मानला गेला पाहिजे, आणि तो तसा मानण्याची जबाबदारी रुग्णाइतकीच आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेवरही आहे, असे माझे निश्चित मत आहे.

हे मत नवीन नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तमकश्वासाचे, म्हणजे दम्याचे, जे वर्णन आले आहे, त्यात प्रतिलोम झालेला वायू मान व मस्तक यांना ग्रासून प्रथम पीनस, म्हणजे सर्दी, उत्पन्न करतो आणि मग कंठात घरघर व तीव्र श्वास सुरू होतो, असा क्रम सांगितलेला आहे; आकाशात मेघ दाटले, पाऊस आला, थंडी पडली किंवा पूर्वेचा वारा सुटला की हा व्याधी बळावतो, आणि रुग्णाला निजण्यापेक्षा बसून राहण्यातच सुख वाटते, हेही तेथे नमूद आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या कोणत्याही दवाखान्यातील बाकावर बसलेल्या रुग्णांना विचारले, तर ते या वर्णनातील एक अक्षरही बदलू इच्छिणार नाहीत. युरोपात जॉन बॉस्टॉक या इंग्रज वैद्याने १८१९ साली स्वतःच्याच आजाराचे वृत्त वैद्यमंडळापुढे वाचले, तेव्हा त्यानेही डोळ्यांची खाज, शिंका आणि छातीचा आवळ ही सर्व लक्षणे एकाच व्याधीच्या सदराखाली नोंदविली होती. पुढे वैद्यकाच्या शाखा झाल्या, नाक एका तज्ज्ञाकडे गेले, फुप्फुस दुसऱ्याकडे गेले, आणि जी गोष्ट जुन्या निरीक्षकांना एका दृष्टिक्षेपात दिसत होती ती पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९९९ साली तज्ज्ञांची परिषद भरवावी लागली. तिचा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दम्याच्या बहुसंख्य रुग्णांना नाकाचाही दाह असतो, म्हणून ज्याला दमा आहे त्याचे नाक तपासावे आणि ज्याची सर्दी हटत नाही त्याची छाती तपासावी, ही त्या वृत्तांताची मुख्य शिफारस होती.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी शरीररचनेकडे थोडे वळले पाहिजे. नाकपुडीपासून फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिकांपर्यंत जे अस्तर पसरले आहे ते बहुतांशी एकाच जातीचे आहे. त्यावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो आणि तो थर अहोरात्र पुढे ढकलणारे असंख्य सूक्ष्म केस असतात. बाहेरची हवा थंड, कोरडी, धुळीने भरलेली असते. ती नाकातून जाताना उबदार, ओलसर आणि बरीचशी निर्मळ होते. ज्याचे नाक बंद आहे तो तोंडाने श्वास घेतो, म्हणजे हा सारा संस्कार न होताच ती हवा थेट त्याच्या चिडक्या श्वासनलिकांवर जाऊन आदळते. परंतु कारण एवढेच नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी सर्दीच्या रुग्णांच्या केवळ नाकात परागांचा अंश सोडून पाहिला, तेव्हा चोवीस तासांनंतर त्यांच्या श्वासनलिकांच्या अस्तरातही दाहपेशी वाढलेल्या आढळल्या. दाहाची वार्ता रक्तमार्गे खाली पोहोचते, ती केवळ घशातून ओघळत नाही, हे या प्रयोगांनी स्पष्ट झाले.

सायनसांची, म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्यांची, अडचण आणखी वेगळी आहे. गालाच्या हाडातील ज्या पोकळीचे सविस्तर वर्णन नॅथॅनियल हायमोर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १६५१ साली केले, तिचे द्वार तळाशी नसून वरच्या अंगाला आहे. ज्या खोलीची मोरी जमिनीलगत नसून छताशी असावी, तशी तिची स्थिती आहे. उभ्या माणसाच्या या पोकळीतील स्राव आपोआप वाहून जाऊ शकत नाही. सूक्ष्म केसांनी तो वर चढवून दारापर्यंत न्यावा लागतो. अस्तर सुजले, द्वार मिटले किंवा श्लेष्मा घट्ट झाला, की हा कारभार ठप्प होतो आणि साचलेल्या स्रावाबरोबर दाहही तेथेच मुक्काम ठोकतो. नाक रोज स्वच्छ ठेवण्याचे मर्म येथे आहे: स्राव पातळ राहावा, धूळ व पराग धुतले जावेत, आणि औषध जेथे पोहोचावयाचे तेथे पोहोचावे.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची क्रिया आपल्या देशाला परकी नाही. हठयोगाच्या षट्कर्मांत नेतीची गणना आहे. ग्रंथात वर्णिलेली नेती सुताची आहे, पण आज घरोघर चालते ती पाण्याची. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि यौगिक क्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याचा जो उपक्रम आरंभिला, त्याचा महाराष्ट्राने अभिमान बाळगावा. परंतु त्या परंपरेचा खरा वारसा सांगावयाचा, तर कसोटीचा निकालही मान्य केला पाहिजे. निकाल असा आहे की, नाक धुतल्याने चोंदणे, शिंका व घशात उतरणारा कफ कमी होतो, झोप सुधारते. दमा त्याने बरा होत नाही. जलनेती सुरू केली म्हणून दम्याचा पंप बंद करा, असा उपदेश जो कोणी करतो तो रुग्णाच्या जिवाशी खेळतो, आणि हे मी अत्यंत जबाबदारीने लिहीत आहे. दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंत भारताचा हिस्सा त्याच्या रुग्णसंख्येच्या प्रमाणाबाहेर मोठा आहे, आणि श्वासावाटे घ्यावयाचे दाहशामक औषध रोज न घेणे हे त्याचे एक ठळक कारण आहे. उलट, नाक धुणे ही केवळ आजीबाईंची करणी म्हणून तिला हसणाऱ्या सुशिक्षितांनीही पाश्चात्त्य नाक-कान-घसा तज्ज्ञ आज हीच क्रिया नित्य सांगतात, याची दखल घ्यावी.

क्रियेचा तपशील मात्र काटेकोर हवा. एक लिटर पाण्यास नऊ ग्रॅम मीठ हे प्रमाण रक्ताच्या क्षारतेशी जुळते, म्हणून अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट छोट्या चमच्यास किंचित कमी. केवळ साध्या पाण्याने नाक झोंबते आणि अस्तरही सुजते. पाणी खळखळ उकळून कोमट केलेलेच असावे, या एका अटीत कोणतीही सवलत देता येणार नाही. २०११ साली अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात नेतीच्या भांड्यात नळाचे पाणी वापरणारी दोन माणसे मेंदूच्या दाहाने दगावली. उबदार गोड्या पाण्यात राहणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरला होता. तेच पाणी पोटात गेले असते तर अपाय झाला नसता. केरळात अलीकडच्या वर्षांत याच अमीबाने घेतलेले बळी वृत्तपत्रांत आले आहेत. आपल्याकडे कित्येक घरांचे पाणी गच्चीवरच्या तापलेल्या टाकीतून येते, तेव्हा केवळ गाळलेल्या पाण्यावर विसंबू नये. भांडे रोज धुऊन कोरडे करावे, पुढे वाकून, तोंड उघडे ठेवून, तोंडाने श्वास घेत पाणी सोडावे आणि नंतर दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरावे. एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरले तर पाणी कानाकडे जाते. धाप लागलेली असताना, कान दुखत असताना किंवा नाकाची शस्त्रक्रिया ताजी असताना हा खटाटोप करू नये.

नाक धुऊन झाल्यावर, डॉक्टरांनी दिला असेल तर, स्टेरॉइडचा नाकातला फवारा घ्यावयाचा. स्टेरॉइड हा शब्द ऐकताच आपल्याकडे आईबाप दचकतात. फवाऱ्यातील मात्रा मायक्रोग्रॅमांत मोजली जाते आणि तिचा अंमल बहुतेक नाकापुरताच असतो. वाढत्या मुलाची उंची अधूनमधून मोजीत राहावी, एवढी दक्षता पुरेशी आहे. दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून बाटली कपाटात टाकणारे पुष्कळ असतात, वस्तुतः पुरता परिणाम दिसण्यास एकदोन आठवडे लागतात. फवारा उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा, म्हणजे त्याचे तोंड मधल्या पडद्याकडे न राहता बाहेरच्या भिंतीकडे राहते व रक्त येण्याचा धोका कमी होतो. मान किंचित खाली असावी, जोराने हुंगू नये. हुंगलेले औषध घशात जाते आणि वाया जाते.

याउलट चोंदलेले नाक क्षणात मोकळे करणारे थेंब, जे औषधांच्या दुकानात न विचारता मिळतात, त्यांचा मोह घातक आहे. पाचसहा दिवसांपलीकडे ते चालू ठेवले की अस्तर उलट अधिक सुजू लागते, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि थेंबाशिवाय रात्र काढणे अशक्य होऊन बसते. वाफाऱ्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे: त्याने घटकाभर बरे वाटते, पण कढत पातेले उलटून भाजलेली मुले हा त्याचा नित्याचा दुष्परिणाम आहे, आणि त्यात घातलेला कापूर, निलगिरी किंवा बाम काही दमेकऱ्यांची छाती जागच्या जागी आवळतो. बाळंतिणीच्या खोलीतील धुरी, देवघरातील ऊदबत्त्या, आणि विशेषतः बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची अगरबत्ती यांचाही हिशेब मांडावा. अशी एक अगरबत्ती जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. मच्छरदाणी हा याहून कितीतरी शहाणपणाचा मार्ग आहे. कोकणात व मुंबईत ओलीमुळे गाद्यांत वाढणारे माइट नावाचे सूक्ष्म जीव आणि भिंतीवरची बुरशी, देशावर पावसाळ्यानंतर रस्तोरस्ती फुलणारे, १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम लक्षात आलेले गाजर गवत, असे प्रत्येक इलाख्याचे शत्रू निराळे आहेत. चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुणे, गोधड्या उन्हात घालणे, आणि गवत फुलावर असताना बाहेरून आल्यावर नाक धुणे, ही कामे कोणत्याही घराला साधण्याजोगी आहेत.

एका प्रकारच्या रुग्णाने विशेष सावध असावे. ज्याला दमा आहे, नाकात मांसाच्या गाठी वाढल्या आहेत आणि वास येईनासा झाला आहे, त्याने अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा त्या जातीची वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. त्यांमुळे प्राणघातक झटका येऊ शकतो. फ्रान्समधील विडाल यांनी हा संबंध १९२२ सालीच नोंदविला होता, तरी आजही डोकेदुखीची गोळी देताना दुकानदार, दमा आहे का, हे विचारीत नाही.

आता सरकारदरबारी काय व्हावे, ते सांगतो. सार्वजनिक रुग्णालयात दम्याचा रुग्ण छातीच्या विभागात जातो, नाकासाठी त्याला निराळा केसपेपर काढून निराळ्या वारी निराळ्या रांगेत उभे राहावे लागते, आणि रोजंदारीवर जगणारा माणूस ती दुसरी मजुरी बुडवीत नाही. ही विभागणी कागदपत्रांच्या सोयीसाठी आहे. दम्याच्या बाह्यरुग्ण विभागातच नाक तपासण्याची तजवीज असावी. नाकात मारावयाचा ब्युडेसोनाइडचा फवारा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे; तो ग्रामीण रुग्णालयांच्या औषधभांडारात पंपाशेजारी बारमाही शिल्लक असला पाहिजे, आणि तो देताना परिचारिकेने तो रुग्णाकडून आपल्यासमोर एकदा मारवून घेतला पाहिजे. मिठाचे प्रमाण, उकळलेले पाणी आणि हाताची उलटापालट हे सारे दाखविण्यास दहा मिनिटे लागतात. रात्री नाक चोंदते का आणि झोपेत तोंड उघडे राहते का, हे दोन प्रश्न दम्याच्या प्रत्येक केसपेपरावर छापलेले असावेत, म्हणजे गर्दीच्या दिवशी कनिष्ठ डॉक्टरलाही ते विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही.